ठाणे अंमलदाराला देखरेखीसाठी वेळ द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात पोलिसांविषयी बरेच छापून येते. मनुष्यबळ अपुरे, गाड्या जुन्या, तक्रारदाराला ठाण्यातून परत पाठवले, अमुक शिपाई निलंबित. या बातम्या मी शेवटपर्यंत वाचते, कारण माझी सगळी नोकरी जळगाव जिल्हा पोलीस दलात गेली. शिपाई म्हणून भरती झाले, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले आणि आता अमळनेरला राहते. बातमीत नाव येते ते पोलीस निरीक्षकांचे, नाहीतर ज्याच्यावर कारवाई झाली त्या शिपायाचे. या दोघांच्या मधे जो हवालदार किंवा सहायक फौजदार असतो, त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. माझ्या मते ठाण्याचा कारभार चांगला की वाईट हे त्याच्यावरच ठरते, आणि त्याचे खरे काम करायला आज त्याला वेळच मिळत नाही. एवढे एकच सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

सामान्य वाचकाला पोलिसातली पदे कळत नाहीत, त्यात त्यांचा दोष नाही. बाहीवर तीन फिती असल्या की हवालदार. खांद्यावर एक तारा आणि लाल-निळी फीत असली की सहायक फौजदार, म्हणजे सरकारी कागदावरचा सहायक पोलीस उपनिरीक्षक. आपण फिर्याद द्यायला जातो तेव्हा समोरच्या टेबलावर 'ठाणे अंमलदार' म्हणून बहुतेक वेळा यांच्यापैकीच कुणीतरी बसलेला असतो. ठाण्याचे प्रमुख हजर नसतील, तर ठाण्यात हजर असलेला त्यांच्या खालोखालचा, शिपायापेक्षा वरच्या दर्जाचा जो कोणी असेल तो कायद्याने ठाण्याचा प्रभारी अधिकारी ठरतो. हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. म्हणजे रात्री दोन वाजता साहेब गस्तीवर असताना त्या खुर्चीवरचा हवालदार हा कायद्याच्या नजरेत अख्ख्या ठाण्याचा अधिकारी असतो. कित्येक नागरिकांना हे माहीत नसते. खुर्चीवर बसलेल्यालाही ते कुणी नीट समजावून सांगितलेले नसते.

देखरेख म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. माझ्या सुरुवातीच्या ठाण्यात एक हजेरी मास्तर होते. सकाळी आठ आणि रात्री आठ, पाळी बदलताना हजेरी व्हायची. नाव पुकारून 'हजर' ऐकले की दुसरा कोणी खाली मान घालून ड्युट्या वाचायला लागला असता. हे मास्तर मान वर करून प्रत्येकाचा चेहरा बघायचे. लाठी, शिट्टी, टॉर्च आहे का, टॉर्चमध्ये सेल आहेत का, गार्डवर जाणाऱ्याने रायफल आणि राउंड मोजून ताब्यात घेतले का, हे तर ते बघतच. पण त्याआधी विचारायचे, "जेवण झालं का भाऊ?" उत्तर कसे येते यावरून त्यांना बरेच कळायचे.

एक प्रसंग मला अजून स्पष्ट आठवतो. चोपड्याकडचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला एक नवा शिपाई होता. दोन-तीन हजेऱ्यांना त्याचे डोळे लाल दिसत होते आणि तो कुणाशी बोलत नव्हता. त्या रात्री त्याची ड्युटी लॉकअप गार्डला, म्हणजे हातात भरलेली रायफल. मास्तरांनी यादी वाचता वाचता त्याचे नाव वायरलेसला घेतले आणि गार्डला दुसऱ्याला पाठवले. चारचौघांत एक शब्द विचारला नाही. सकाळी पाळी सुटल्यावर त्याला ठाण्यासमोरच्या टपरीवर नेले आणि चहा घेता घेता सगळे काढून घेतले. बहिणीच्या लग्नाचे कर्ज, त्यात वडिलांची केळी वादळात आडवी झालेली, आणि सावकार रोज दारात. मास्तर त्याला स्वतः पोलीस पतसंस्थेत घेऊन गेले, अर्ज भरून दिला आणि जामीनदार म्हणून सहीही केली. याची ठाणे दैनंदिनीत कुठेही नोंद नाही. कोणत्याही तक्त्यात हे काम येत नाही. पण पोलीस दलातल्या आत्महत्येच्या बातम्या आपण छापता तेव्हा मला ते टपरीवरचे बाकडे दिसते. त्या माणसांच्या हजेरीला त्यांच्या चेहऱ्याकडे कुणी पाहिले होते का, असे मनात येते.

पुढे मी स्वतः त्या खुर्चीवर बसले. रात्रपाळी होती. मी आतल्या खोलीत मुद्देमालाची पावती तपासत होते. बाहेर एका बाईचा आवाज आला, "ताई शेत का कोनी? मनी पोर अजून घर नही उनी." म्हणजे, ताई आहेत का कुणी, माझी मुलगी अजून घरी आली नाही. केळीच्या बागेत मजुरीला जाणारी बाई होती. टेबलावरच्या पोराने तिला सांगितले, मैत्रिणीकडे गेली असेल, सकाळपर्यंत वाट बघा. पोरगा वाईट नव्हता. आदल्या दिवशी मिरवणुकीचा बंदोबस्त करून तो तसाच रात्रपाळीला आला होता, आणि थकलेल्या माणसाला समोरच्याला परत पाठवणे सोपे जाते. मी बाहेर आले. बाईला बसवले, पाणी दिले आणि वय विचारले. मुलगी सोळा वर्षांची. अठरा वर्षांखालचे मूल बेपत्ता झाले की नुसती 'मिसिंग' घेऊन भागत नाही, थेट अपहरणाचा गुन्हा दाखल करायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच बजावले आहे. त्या पोराने हे प्रशिक्षणात ऐकलेले असणार, पण रात्री एक वाजता त्याला ते आठवून द्यायला कुणीतरी शेजारी लागते. फोटो नव्हता. बाईच्या पिशवीत मुलीचे शाळेचे ओळखपत्र निघाले, त्यावरून वर्णन लिहिले. शेजारच्या ठाण्यांना, रेल्वे पोलिसांना आणि एसटी स्टँडच्या चौकीला निरोप गेला. मुलगी दुसऱ्या दिवशी सुरत लाइनवरच्या एका स्टेशनावर सुखरूप मिळाली.

मी त्या रात्री दहा पावलांवर होते म्हणून ऐकू आले. पण इतर कित्येक रात्री मी ठाण्यात नसायचेच. महामार्गावर अपघात झाला की पंचनाम्याला जा, सिव्हिलला आकस्मिक मृत्यूचे कागद करायला जा, महिला फिर्यादीचा जबाब आहे म्हणून शेजारच्या ठाण्यात जा. आमच्याकडे रात्री महिला अंमलदार मोजक्या असतात. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, ते योग्यच आहे. पण त्यासाठी मला उचलून नेले की मागे माझ्या पाळीतल्या पोरांवर कुणाची नजर नसायची. मला जबाबाला पाठवू नका, असे मी कधीच म्हणणार नाही. मी गेल्यावर त्या टेबलाजवळ कोण उभे राहते, एवढेच मला विचारायचे आहे.

मूळ दुखणे इथेच आहे. देखरेखीसाठी म्हणून जी पायरी केली, तिच्यावरच तपासाचे सगळे ओझे येऊन पडले आहे. एखाद्या सहायक फौजदाराच्या कपाटात डोकावून बघा. विहिरीवरच्या मोटारींच्या केबल चोरीचे गुन्हे, मोटारसायकल चोऱ्या, अपघात, आकस्मिक मृत्यू, अदखलपात्र तक्रारी, समन्स-वॉरंट. केबल चोरी शहरातल्या माणसाला किरकोळ वाटते. उन्हाळ्यात केळीला पाणी द्यायच्या दिवसांत केबल गेली की त्या शेतकऱ्याचे काय होते, ते रावेर-यावलकडच्या माणसाला विचारा. तेव्हा तपास महत्त्वाचाच आहे. पण महिन्याच्या गुन्हे आढाव्यात विचारले जाते ते प्रलंबित किती आणि निकाली किती. तुझ्या पाळीत नवे शिपाई किती, त्यांना काय शिकवलेस, हे मला कुणी विचारल्याचे आठवत नाही. वरून जे विचारले जात नाही ते खाली होत नाही.

२०२२ मध्ये राज्याने शिपाई आणि हवालदार यांच्या मधले पोलीस नाईक हे पद रद्द केले. आता शिपाई बढतीवर थेट हवालदार होतो, पुढे सहायक फौजदार. निवृत्तीच्या आत पोराला अधिकारी होता यावे, तपासाला अंमलदार वाढावेत, हा हेतू चांगला होता आणि आम्ही सगळ्यांनी त्याचे स्वागत केले. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणांना त्याचा फायदा झाला. पण नाईक असताना माणूस तीन-चार शिपायांची नाकाबंदी किंवा कैद्यांची ने-आण करणारी पार्टी सांभाळायला शिकायचा. ती शिकायची जागा गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी काही आली नाही. आज बढतीचा आदेश निघतो, फिती लागतात, ठाण्यात पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर गुन्ह्यांच्या फाइली येऊन पडतात. कालपर्यंत ज्यांच्या खांद्यावर हात टाकून चहा पिला, त्यांची ड्युटी आज लावायची आणि त्यांच्यातल्याच एखाद्याच्या गैरहजेरीचा कसुरी अहवाल लिहायचा, हे किती अवघड असते ते त्यातून गेलेल्यालाच माहीत. मला बढतीच्या वेळी कायदा शिकवला, कवायत घेतली. माणसे कशी सांभाळायची यावर एक तासही नव्हता.

त्यात १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करायचे. ऑनलाइन आलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत फिर्यादीची सही घ्यायची. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचे. या सगळ्या तरतुदी नागरिकांच्या भल्याच्या आहेत, मी त्यांच्या बाजूची आहे. पण झडती चालू असताना शिपायाचा मोबाइल नीट धरला आहे की नाही, पंच फ्रेममध्ये आहेत की नाही, हे तिथल्या तिथे बघणारा माणूस तोच मधला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात अटक केलेल्या माणसांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती ठेवण्यासाठी एक अधिकारी नेमायचा आहे, आणि तो सहायक फौजदाराच्या दर्जापेक्षा खालचा नको. ती माहिती ठाण्यात ठळकपणे लावायची आहे. वाचकांनी आपापल्या ठाण्यात गेल्यावर तो फलक जरूर बघावा. कायद्याने हे काम नेमके याच पायरीवर का ठेवले? अटकेतल्या माणसाशी रात्री लॉकअपमध्ये कसे वागले जाते, हे निरीक्षकांना सकाळी कळते. सहायक फौजदाराला ते त्याच क्षणी कळते आणि थांबवायचे असेल तर तोच थांबवू शकतो.

बंदोबस्ताबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण खान्देशातल्या पोलिसाचे अर्धे आयुष्य त्यातच जाते. कार्तिकी एकादशीला जळगावचा रथ, वैशाखात आमच्या अमळनेरची संत सखाराम महाराजांची यात्रा, मुक्ताईनगरची यात्रा, तिकडे नंदुरबारवाल्यांना सारंगखेड्याचा घोडेबाजार, शिवाय गणपती, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा गावाला केवढा आनंद झाला होता. अशा प्रत्येक वेळी ठाण्याठाण्यांतून माणसे मागवतात. मागणी संख्येने येते: इतके अधिकारी, इतके अंमलदार. संख्या पूर्ण करायला ठाण्यातला अनुभवी हवालदार निघून जातो आणि ठाणे दोन नव्या शिपायांवर चालते. त्या दिवशी तिथे जी फिर्याद येते, तिचे काय होते ते आपल्या बातम्यांत दिसतेच.

आणि बंदोबस्तात तरी देखरेख होते का? मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना पॉइंटवर उभ्या पोरांना तीन-तीन तास पाणी मिळत नाही. मी पाण्याचा जार स्कूटरवर पुढे ठेवून पॉइंट फिरायचे. महिला शिपायांचा प्रश्न तर बोलायलाही लोक लाजतात, म्हणून मी इथे स्पष्ट लिहिते. पॉइंटवर उभी असलेली मुलगी लघवीला जाता येणार नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही. कित्येकींना त्यातून मूत्रमार्गाचे आजार लागले आहेत. मी पॉइंटवर गेले की "जा, येऊन जा, मी उभी आहे" म्हणायचे. जवळपासच्या कोणत्या घरातली बाई आपल्या पोरींना आत घेईल, हे मी आदल्या दिवशीच विचारून ठेवायचे. एकाही घराने मला कधी नाही म्हटले नाही, खान्देशातली माणसे तशी मनाने मोठी. पण याची व्यवस्था कुणीतरी आधी करायची असते, आणि ती करायला त्या कुणाला तरी मोकळे ठेवावे लागते. त्याच्याच हातात दोर देऊन त्याला बॅरिकेडजवळ उभे केले तर तो काय करणार?

आपल्याकडे पोलीस राज्य सरकारचे आहेत. जळगाव, धुळे महापालिका झाल्या तरी पोलीस काही महापालिकेचे नाहीत. अमेरिकेत मात्र शहराशहराचे आपले पोलीस खाते असते आणि त्यात आपल्या हवालदार-सहायक फौजदाराच्या जागी सार्जंट असतो. एका पाळीतल्या गस्तीच्या शिपायांची तुकडी त्याच्याकडे असते. हजेरी घेणे, काम वाटून देणे, त्यांनी लिहिलेले अहवाल वाचून सही करणे, गंभीर घटना घडली की जागेवर पोचणे, ही त्याची मुख्य कामे. कॅलिफोर्निया राज्यात अशा पहिल्या पायरीच्या देखरेख अधिकाऱ्याला बढतीनंतर वर्षभराच्या आत किमान ८० तासांचे देखरेखीचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. तिथले पोलीस निर्दोष आहेत असे मी म्हणत नाही, तिथल्या बातम्याही आपण वाचतोच. पण हे वेगळे काम आहे आणि ते शिकवावे लागते, इतके तरी त्यांनी मान्य केले आहे. ८० तास म्हणजे दहा दिवस. आपल्या धुळ्याला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. तिन्ही जिल्ह्यांतल्या नव्या हवालदारांना आणि सहायक फौजदारांना तुकड्या करून दहा-दहा दिवस तिथे पाठवणे अशक्य आहे का? शिकवायला आम्ही निवृत्त मंडळी येऊ, मानधनही नको. हजेरी कशी घ्यावी, थकलेला माणूस कसा ओळखावा, रडत आलेल्या फिर्यादीला आधी काय विचारावे, हाताखालचा माणूस दारू पिऊन आला तर चारचौघांत काय बोलावे आणि एकांतात काय बोलावे, सावधपणे 'नाही' कसे म्हणावे. अगदी वरून चुकीचा निरोप आला तर तो तोंडी न घेता दैनंदिनीत नोंद कशी घ्यावी, हेसुद्धा.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या पोलीस अधीक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. प्रत्येक ठाण्यात, निदान रात्रीच्या पाळीत, एक सहायक फौजदार किंवा ज्येष्ठ हवालदार असा ठेवा की ज्याच्याकडे त्या महिन्यात एकही तपास नसेल. त्याने ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ, लॉकअपजवळ आणि हद्दीतल्या पॉइंटवरच फिरावे. त्याला बंदोबस्ताच्या संख्येत धरू नका. साप्ताहिक सुटीची यादी त्याला करू द्या आणि ती वरून ऐनवेळी मोडू नका, कारण ती मोडली की त्याचा शब्द हजेरीत कुणी मानत नाही. माणसे कमी आहेत, हे उत्तर मला ठाऊक आहे, मी ते जन्मभर ऐकले. माणसे कमी आहेत तेव्हा तर आहेत ती नीट वापरणारा माणूस आधी लागतो. हा प्रयोग आधी जिल्ह्यातल्या दोन ठाण्यांत सहा महिने करून पाहावा, आणि परत पाठवलेल्या फिर्यादींच्या किती तक्रारी अधीक्षक कार्यालयात आल्या ते आधीच्या सहा महिन्यांशी ताडून बघावे.

आपल्या वार्ताहरांनाही सांगणे आहे. ठाण्यात गैरप्रकार झाल्याची बातमी करताना त्या पाळीला देखरेखीवर कोण होते आणि त्या वेळी तो कुठे होता, हे जरूर विचारा. उत्तर 'बंदोबस्ताला' किंवा 'पंचनाम्याला' असे आले, तर तेही छापा.

माझे नाव व पत्ता आपल्याकडे आहे, तो छापू नये.

आपली,
एक निवृत्त सहायक फौजदार,
अमळनेर, जि. जळगाव